उत्तर अंदमानचा किनारा दहा दिवसांत : आधी भरती-ओहोटीचं टेबल, मग हॉटेलचं बुकिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे: मार्चमध्ये दहा दिवस, नवरा-बायको आणि सोबत ६४ वर्षांच्या आई. हॅवलॉक-नील ही बेटं आधी झालीत. आता पोर्ट ब्लेअरपासून वर डिगलीपूरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायचंय. एजंटने गाडी घेऊन रोज एक बीच असा प्लॅन दिलाय, तो जमेल का, आणि खरी भीती कशाकशाची बाळगायची.

प्लॅन वाचला. एजंटने किलोमीटर मोजलेत, तिथेच तो गंडलाय. पोर्ट ब्लेअर ते डिगलीपूर साधारण सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे पुण्याहून बेळगाव एवढंच, पण तिकडे त्याला अख्खा दिवस जातो, पहाटे चार-पाचला निघून संध्याकाळी पोचलात तर गाडी चांगली चालली म्हणायचं. आणि दुसरं म्हणजे किनाऱ्याने जाणारा रस्ता मुळात नाहीच. अंदमान ट्रंक रोड, ज्याला तिकडे सगळे एटीआर म्हणतात, तो जंगलातून जातो, समुद्र अधूनमधून झाडांतून दिसतो तेवढाच. किनारा बघायचा तर एटीआरवरून फाटा धरून खाली उतरायचं, नाहीतर बोटीने जायचं. त्यामुळे रोज एक बीच हे विसरा. चार जागा धरा आणि प्रत्येक जागी एक ते तीन रात्री राहा, उरलेले दिवस मोकळे सोडा, ते कसेही खर्च होतातच.

(विमानाच्या तिकिटावर श्री विजयपुरम दिसलं तर गोंधळू नका, २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं अधिकृत नाव ते आहे. हॅवलॉकला स्वराज द्वीप, नीलला शहीद द्वीप, ही नावं २०१८ ची. बोलताना मात्र रिक्षावाल्यापासून जेटीवरच्या माणसापर्यंत सगळे अजून जुनंच नाव घेतात.)

आता रस्ता की बोट. एटीआरचा जिरकाटांग ते मिडल स्ट्रेट हा जवळजवळ पन्नास किलोमीटरचा तुकडा जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथे एकट्याने गाडी नेता येत नाही, ठरलेल्या वेळी पोलिसांच्या बंदोबस्तात सगळ्या गाड्या एकामागे एक सोडतात, पहिला ताफा सकाळी सहाच्या सुमारास, आणि तो चुकला की पुढच्याची वाट बघत बसायचं. मधे थांबायचं नाही, काच खाली करायची नाही, खायला काही द्यायचं नाही, फोटो तर अजिबात नाही, १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमाखाली तो गुन्हा आहे आणि मोबाइल जप्त होऊन केस होते, नुसती दमदाटी नाही. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये हा रस्ता या भागात बंद करायला सांगितलं होतं, तरी तो सुरू आहे. माझं मत विचाराल तर रोज सकाळी या जंगलापलीकडच्या बाराटांग बेटावर डे-ट्रिपवाला जो लोंढा जातो ना, त्यातल्या निम्म्या लोकांना चुनखडीच्या गुहा बघायच्या नसतात, त्यांना 'जारवा दिसतील का' एवढंच हवं असतं, आणि ड्रायव्हरही हळूच तसं आमिष दाखवतात. असा ड्रायव्हर भेटला तर त्याला पहिल्याच चहाला सांगून टाका की आम्हाला त्यात इंटरेस्ट नाही.

म्हणून मी शक्यतो लोकांना जाताना सरकारी बोटीने पाठवतो. पोर्ट ब्लेअरच्या फिनिक्स बे जेटीवरून रंगत, लाँग आयलंड, डिगलीपूरची एरियल बे, लिटल अंदमानची हट बे, सगळीकडे शिपिंग खात्याच्या बोटी असतात. हॅवलॉकला जाणाऱ्या चकाचक प्रायव्हेट फेऱ्या डोळ्यांसमोर आणू नका. या बोटी म्हणजे गावचा एसटी स्टँड समुद्रावर तरंगतोय असं समजा, कोंबड्या, पत्रे, टीव्हीचे खोके, शाळेत चाललेली पोरं सगळं एकत्र. पण दिवसाची बोट मिळाली तर डेकवर उभं राहून पूर्व किनारा उजेडात बघायला मिळतो आणि तोच तर तुम्हाला बघायचाय. तिकिटं थोडेच दिवस आधी खुली होतात, स्थानिकांना प्राधान्य असतं ते योग्यच आहे, आणि हवा बिघडली की बोट रद्द. रद्द म्हणजे रद्द, पर्यायी सोय कुणी करत नाही. एक बाजू बोटीने आणि एक बाजू रस्त्याने ठेवा. आईंना बोट लागत असेल तर गोळी बोटीत चढायच्या आधी द्यायची, मळमळायला लागल्यावर दिलेली काही कामाची नाही.

आता मुख्य मुद्दा, भरती-ओहोटी. तुम्ही लिहिलंय की तुमचं आजोळ गुहागरकडचं, तर तिथीच्या पाऊणपट वाजता भरती हे गणित घरात ऐकलं असेल, म्हणजे पौर्णिमेला अकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती. ते गणित अंदमानात तसंच्या तसं लावू नका. तिकडे पौर्णिमा-अमावस्येला भरती त्याच्या आधी, साधारण सकाळी नऊ-दहाच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी दुपारी साडेतीन-चारला. उधाण (मोठी भरती) आणि भांग (छोटी भरती) यांची चाल तीच, वेळा वेगळ्या. पोर्ट ब्लेअरचं टाइड टेबल नेटवर मिळतं, त्याचा प्रिंट काढा, कारण फोनला रेंज असेलच असं नाही.

हे इतकं का सांगतोय, तर डिगलीपूरजवळची रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं. यांच्यामधे पांढऱ्या वाळूचा पट्टा आहे, ओहोटीला तो उघडा पडतो आणि एका बेटावरून दुसऱ्यावर चालत जाता येतं, भरतीला पाण्याखाली. (पोर्ट ब्लेअरसमोर ब्रिटिशांची जुनी राजधानी होती ते रॉस वेगळं, एजंटने तुमच्या प्लॅनमध्ये दोन्ही एकच धरलंय बहुतेक, फोटो तिकडचे लावलेत.) आता लोक काय करतात, पौर्णिमा बघून बुकिंग करतात, चांदणं छान पडेल म्हणून. मग सकाळी नऊला एरियल बे जेटीवरून डोंगी, म्हणजे तिकडची छोटी मोटरबोट, घेऊन पोचतात तेव्हा पाणी चढलेलं असतं, आणि पट्टा उघडा पडायला लागतो तेव्हा डोंगीवाला चला चला करत असतो कारण त्याला उजेडात परत यायचंय आणि वनखात्याची वेळही संपत आलेली असते. बेटावर रात्री राहता येत नाही. त्यापेक्षा अष्टमी ते द्वादशीच्या मधला दिवस धरा, ओहोटी साधारण सकाळी दहा ते दुपारी एकच्या दरम्यान मिळते. दहा दिवसांचा अख्खा प्लॅन या एका दिवसाभोवती बांधा, बाकी सगळं मागेपुढे होऊ शकतं. परवानगीचं काम जेटीवरच होतं, सगळ्यांचे आयडी जवळ ठेवा.

उजेडाचंही तसंच आहे. घड्याळ आपलंच पण सूर्य मुंबईपेक्षा साधारण ८० मिनिटं आधी उगवतो नि मावळतो. मार्चमध्येही साडेपाचच्या आसपास सूर्य गेलेला असतो, आणि तिथला अंधार पटकन पडतो. मुंबई-पुण्याची माणसं दुपारी जेवून, जरा पडून, चारला चहा घेऊन बीचवर जाऊ म्हणतात, तोवर दिवस संपलेला असतो. पहाटे पाचला उठा, अकरापर्यंत फिरून घ्या, दुपारी झोपा. वाटेत चालायचं असेल तर दोन वाजेपर्यंत परतीला लागलेलं असायला हवं.

जागा कुठल्या धराव्यात ते सांगतो. लाँग आयलंड दोन रात्री. बेट छोटं, गाड्या जवळजवळ नाहीतच, जेटीजवळ वस्ती आणि पलीकडच्या बाजूला लालाजी बे म्हणून सुंदर पुळण आहे. जंगलातून दीड-दोन तास चालत जाता येतं, आईंना घेऊन डोंगीने जा. रंगतला मी एकच रात्र देईन, आमकुंज बीच बरा आहे, धनीनाल्याला खारफुटीतून जाणारा सातशे मीटरच्या वर लाकडी पूल आहे आणि तो खरंच बघण्यासारखा आहे, आई आरामात चालतील, शेवटी थेट किनाऱ्यावर निघतो. मायाबंदर एक-दोन रात्री, करमाटांगचा किनारा लांबलचक आणि रिकामा असतो, आणि जवळच वेबी गाव आहे, १९२५ मध्ये ब्रिटिशांनी ब्रह्मदेशातून आणून वसवलेल्या करेन लोकांचं. तिकडे गेलात तर प्रदर्शन बघायला आल्यासारखं घराघरात डोकावू नका, कुणी ओळखीचं असेल तर जेवायला जा. मायाबंदरच्या पुढे चेंगप्पा पुलावरून ऑस्टिनची खाडी ओलांडली की उत्तर अंदमान सुरू.

डिगलीपूरला तीन रात्री, आणि बाजारात राहू नका, कालीपूरला राहा. डिगलीपूर बाजार म्हणजे पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी वसवलेलं गाव, भात, डाळ, मोहरीच्या तेलातला मासा, दुकानाच्या पाट्या बंगाली. हिंदी सगळीकडे चालते. कालीपूरचा किनारा राखाडी, जाड वाळूचा, फोटोत काही खास येत नाही म्हणून गर्दी नाही, पण ही कासवांची जागा आहे. ऑलिव्ह रिडले मुख्यतः, हिवाळ्यात अंडी घालतात आणि वनखातं ती हॅचरीत, म्हणजे अंडी जपायच्या राखीव जागेत, हलवतं. मार्चमध्ये पिल्लं निघायचे दिवस असतात. कोकणात वेळासच्या कासव महोत्सवात तुम्ही बघितलंच असेल, तसाच प्रकार, फक्त इथे महोत्सव नाही, टोपलीमागे दोनशे माणसं नाहीत. संध्याकाळी हॅचरीवर जाऊन तिथल्या गार्डला नम्रपणे विचारायचं, आज काही निघतंय का. निघत असेल तर तो सांगेल तिथे उभं राहायचं. टॉर्च नाही, फ्लॅश नाही. पिल्लू वाळूवरून जाताना मधेच थांबतं, दम खातं, पुन्हा फ्लिपर मारतं, आणि एखाद्या बुटाच्या ठशात अडकलं की तिथेच गोल गोल फिरत बसतं, म्हणून आधी किनाऱ्यावर उगाच पावलं उमटवत फिरू नका.

कालीपूरच्या पुढे लामिया बे, आणि तिथून सॅडल पीकची वाट. ७३२ मीटर, अंदमानातलं सर्वांत उंच शिखर. उंची ऐकून सह्याद्रीवाले हसतात. पण चढ समुद्रसपाटीपासून सुरू होतो, घामाने माणूस निथळतो, आणि वाट सुरुवातीचे काही किलोमीटर किनाऱ्यावरूनच जाते, वाळू, मग गोल दगड, मग आडवी पडलेली झाडं, मग पुन्हा वाळू. भरतीला यातले काही तुकडे पाण्यात जातात आणि मग झाडीतून घुसून जावं लागतं. वनखात्याची परवानगी आणि स्थानिक गाइड घ्या. शिखर गाठलंच पाहिजे असं काही नाही, वरून ढगच दिसतात बऱ्याचदा. त्या किनाऱ्याच्या तुकड्यासाठी जा, एका बाजूला शंभर-दीडशे फूट उंच झाडांची भिंत आणि दुसऱ्या बाजूला बंगालचा उपसागर, मधे तुम्ही. आई लामिया बेपर्यंत येऊ शकतील, पुढे नको.

आता भीती. शार्क, साप, आदिवासी, लोक हे विचारतात. मी मगर सांगतो. चिपळूणला वाशिष्ठीत दिसतात त्या गोड्या पाण्यातल्या मगरी, त्यांची भीती मर्यादित. अंदमानातली खाऱ्या पाण्यातली मगर हे वेगळंच प्रकरण आहे, मोठा नर पाच मीटरच्या वर जातो, खारफुटीत राहतो, आणि समुद्रातून एका खाडीतून दुसऱ्या खाडीत आरामात पोहत जातो. २०१० मध्ये हॅवलॉकसारख्या गजबजलेल्या बेटावर स्नॉर्कलिंग करणाऱ्या अमेरिकन बाईचा जीव गेला. किनाऱ्याने चालताना खरी अडचण येते नाल्यांची. दर किलोमीटर-दोन किलोमीटरला एखादा नाला समुद्राला मिळतो, ओहोटीला गुडघाभर पाणी असतं, सकाळी सहज पार होता, आणि परत येताना भरतीने तोच नाला छातीइतका आणि गढूळ झालेला असतो. तिथे उतरायचं नाही. सहा तास बसावं लागलं तरी पलीकडे बसायचं, झाडाखाली, पाण्यापासून लांब. नाल्याच्या तोंडाशी पोहायचं नाही, मासे धुतात त्या जेटीजवळ पोहायचं नाही, अंधार पडता पडता आणि अंधारात पाण्यात पाय घालून बसायचंसुद्धा नाही. पाटी नाही म्हणजे मगर नाही असं धरू नका, गावातल्या दोन माणसांना विचारा, एकाला नाही, दोघांना, कारण हॉटेलवाला कधीकधी 'कुछ नहीं है' म्हणतो.

मगरीपेक्षा त्रास मात्र जास्त देतात त्या सँडफ्लाय, वाळूतले बारीक किडे, दिसतही नाहीत. चावल्यावर लगेच काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी पायांवर शेकड्याने लाल ठिपके आणि खाज आठवडाभर. वाळूवर थेट झोपू नका, पहाटे आणि संध्याकाळी पाय झाकलेले ठेवा, खोबरेल तेल जाड थरात लावलं की बऱ्यापैकी फरक पडतो, तिथली माणसंही तेच करतात. खाजवून जखम केली की त्या दमट हवेत ती पिकते. अॅलर्जीची गोळी डॉक्टरांना विचारून घेऊन जा. डासांचंही मनावर घ्या, इंग्रजांनी १७९२ मध्ये आपली वसाहत इथेच, उत्तरेतल्या पोर्ट कॉर्नवॉलिसला हलवली आणि रोगराईने माणसं मरायला लागली म्हणून चारच वर्षांत गुंडाळली. आता तशी परिस्थिती नाही, पण मच्छरदाणीची चौकशी करून खोली घ्या.

पाण्यात उतरताना रबरी तळाचे बूट घाला. २००४ च्या २६ डिसेंबरच्या भूकंपात अंदमानची जमीन तिरकी झाली, उत्तरेकडचा नि पश्चिमेकडचा किनारा वर उचलला गेला, काही ठिकाणी मीटरभराच्या वर, आणि दक्षिणेकडे निकोबारात खाली गेला, तिथल्या दक्षिण टोकावरच्या इंदिरा पॉइंटचं दीपगृह पाण्यात उभं राहिलं ते त्यामुळेच. उत्तरेत तेव्हा वर आलेली प्रवाळं उघडी पडून मेली, त्यांची खडपं अजून तशीच आहेत, काचेसारखी धार. अनवाणी गेलात तर पहिल्याच दिवशी ट्रिप संपते. आणि भूकंपाचं निघालंच आहे तर, जोरात हादरा बसला, उभं राहणं कठीण झालं, किंवा बराच वेळ हलत राहिलं तर भोंग्याची वाट न बघता उंचावर निघायचं. आता हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्रातून त्सुनामीचे इशारे येतात, पण कालीपूरच्या किनाऱ्यावर तुमच्या फोनला रेंज असेल याची खात्री कोण देणार. खोली घेताना उंचवट्याकडे जायची वाट कुठली एवढं बघून ठेवा, दोन मिनिटांचं काम आहे. इन्कॉइसचा लाटांचा अंदाजही रोज बघत जा, जिथे नेट मिळेल तिथे. समुद्राखालून केबल आल्यापासून, म्हणजे २०२० पासून, रंगत आणि लाँग आयलंडलाही बरं नेट मिळतं, पण मधल्या पट्ट्यात फोन खिशात ठेवायचा. कॅश भरपूर ठेवा, एटीएमवर भरवसा नको.

पश्चिम किनाऱ्याचं विचारलंत, इंटरव्ह्यू बेट वगैरे. तिथे १९६२ च्या सुमारास लाकूड कंपनीने सोडून दिलेल्या हत्तींचे वंशज जंगली होऊन फिरतात, ऐकायला भारी वाटतं, पण परवानगी, बोट, हवा या सगळ्याचा मेळ बसवण्यात तुमचे निम्मे दिवस जातील. या वेळी नको. लिटल अंदमानही नको, ती दक्षिणेची वेगळी फेरी आहे, हट बेपर्यंतच बोटीने सात-आठ तास. बाहेरच्यांशी संपर्क न ठेवणारे सेंटिनेली आदिवासी राहतात त्या उत्तर सेंटिनेल बेटाच्या आसपास नेतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याच्या बोटीत बसूच नका, बेटाभोवती पाच सागरी मैल मनाई आहे.

आईंना सेल्युलर जेल दाखवायचंय असं लिहिलंय, ते सुरुवातीला न ठेवता शेवटी ठेवा. सावरकर १९११ ते १९२१ तिथे होते, आईंना ती कोठडी निवांत बघू द्या, संध्याकाळच्या लाइट अँड साउंडसकट अख्खा दिवस द्या. शिवाय त्यामुळे परतीच्या विमानाआधी पोर्ट ब्लेअरमध्ये दोन रात्री आपोआप पडतात, आणि त्या लागतातच, कारण वाटेत कुठली बोट रद्द होऊन प्लॅन पुढे सरकला की तोच एक दिवस तुम्हाला वाचवतो. विमानाच्या आदल्या दिवशी डिगलीपूरहून निघायचं, असं एजंटच्या प्लॅनमध्ये आहे, ते सगळ्यात आधी बदलून घ्या.

आणि शंख-शिंपले, प्रवाळाचे तुकडे काही म्हणता काही बॅगेत टाकू नका, किनाऱ्यावर मेलेले पडलेले असले तरी. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, एअरपोर्टवर बॅग स्कॅनमध्ये दिसतात आणि तिथे 'बाईंना माहीत नव्हतं' चालत नाही. सरकारी एम्पोरियममधून पावतीसकट घेतलेली वस्तू नेता येते, पावती बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा. तारखा पक्क्या झाल्या की तिथी आणि बोटीचे दिवस सांगा, रॉस-स्मिथचा दिवस कुठला ते बघून सांगतो.